तीस हजारांची बाहुली आणि शंभर दाण्यांची चाचणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या तिशीतल्या वाचकाने चौदा महिने पैसे साठवून एका नामांकित परदेशी कंपनीची वंडर वुमन, म्हणजे कॉमिक आणि सिनेमातल्या योद्धा नायिकेची १/६ मापाची, सांधे वळणारी फिगर मागवली. २०१७ च्या सिनेमातल्या वेशातली. ड्यूटी-कुरियर धरून तीस हजारांच्या घरात गेली. मराठीत अशा फिगरचा एकही धड रिव्ह्यू सापडला नाही, म्हणून आपणच लिहावा असं त्यांना वाटतंय, पण हात धजत नाही. आयुष्यात ही एकच महागडी फिगर घेतलेली, तेव्हा आपण काय म्हणून बोलायचं? खोली पत्र्याची, स्टुडिओ नाही, लाइट नाहीत. फिगर येऊन आठ दिवस झाले; डावा गुडघा ढिला निघालाय आणि खालच्या ओठाचा रंग कडेबाहेर गेलाय. हे लिहिलं तर लोक म्हणणार ‘एवढे पैसे घातले आणि फसला’, नाही लिहिलं तर खोटेपणा. एक छोटा व्हिडिओ टाकला तर खाली पोरांनी ‘फिगर’ या शब्दावरूनच वाह्यात कॉमेंट केल्या. मित्र म्हणतो, सील फोडलं तिथेच निम्मी किंमत गेली. आणि वडील म्हणतात, ‘येवढ्यात डीएपीच्या बावीस गोण्या आल्या असत्या की रं, बाहुली कसली घेतोस?’

नमस्कार.

जून तोंडावर आला की तुमच्या दुकानात रोज काय चालतं ते आठवा. सोयाबीनच्या बॅगेवर उगवणक्षमता किमान ७० टक्के असं छापलेलं असतं. तरी तुम्ही गिऱ्हाइकाला सांगताच ना, की पेरण्याआधी शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी मारत राहा आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजा? ही चाचणी करायला वाण काढणारा शास्त्रज्ञ लागत नाही. शंभरपर्यंत मोजता आलं आणि ओल टिकवता आली की झालं. फिगरचा रिव्ह्यू याहून वेगळा नाही. कंपनीने काय कबूल केलंय ते एका बाजूला, तुमच्या टेबलावर काय उगवलं ते दुसऱ्या बाजूला. पंचवीस फिगर असलेला माणूस तुलना तुमच्यापेक्षा चांगली करील, हे मान्य. पण पंचवीस असल्या की एकेक हातात किती वेळ राहते? तुमची रोज राहणार आहे.

पत्र्याच्या खोलीबद्दल तुम्ही कमीपणाने लिहिलंय. खरं तर तुमचं सगळ्यात मोठं भांडवल तेच आहे. बहुतेक रिव्ह्यू बॉक्स फोडल्यापासून आठवड्याच्या आत लिहिले जातात, तेही थंड, कोरड्या खोलीत बसून. हिंगोलीच्या किंवा बीडच्या वाचकाला जे हवंय ते त्यात कधीच नसतं: मे महिन्यात हिचं काय होतं? परभणीचा पारा ४३-४४ वर जातो, पत्र्याखाली त्याहून वर. तेवढ्या उष्णतेत फिगरमधले तीन पदार्थ तीन तऱ्हांनी वागतात, आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याला ते आधीच ठाऊक असलं पाहिजे.

पहिलं पीव्हीसी. हात, बूट, पट्टे, बऱ्याचदा केसही याचेच. पीव्हीसी मुळात कडक असतं; त्यात प्लास्टिसायझर मिसळून त्याला मऊ करतात. उष्णतेने हे मऊ करणारं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं. मग हात लावला की चिकट लागतं, त्यावर धूळ बसते, आणि काळ्या रानातली बारीक धूळ एकदा बसली की फुंकून जात नाही. शिवाय पातळ भाग वाकतात. तलवार ट्रेमध्ये जराशी तिरकी बसली असेल तर तशीच वाकडी बाहेर येते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साधारण ६० अंशांच्या पाण्यात, म्हणजे हाताला सोसणार नाही पण उकळतही नाही अशा पाण्यात, अर्धा मिनिट बुडवा, सपाट पट्टीवर सरळ करा, लगेच गार पाण्यात धरा. पाणी बोअरचं घेऊ नका, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या. (तिथेच ॲसिडही मिळतं, तेव्हा कॅनवरचं लेबल वाचून.)

दुसरं म्हणजे आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो ते. चिलखताच्या कडा, पट्टे, घागऱ्याच्या पाकळ्या, बुटांचे वरचे भाग अशा ठिकाणी कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असू शकतो. हवेतली ओल आणि उष्णता मिळून हा थर तोडतात. आधी बारीक भेगा, मग पोपडे. जुन्या सोफ्याचं जे होतं तेच. आणि इथे आपल्याकडचा एक घोटाळा आहे, तो म्हणजे कूलर. आपण समजतो खोली गार झाली, फिगर सुखात आहे. पण कूलरचा झोत दमट असतो, त्यात बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार असतात आणि त्यातला क्षार काचेवर, काळ्या बेसवर, सोनेरी मुकुटावर पांढुरका साय धरल्यासारखा बसतो. म्हणजे रेक्झिनला नको असलेली ओल आणि रंगाला नको असलेला क्षार, दोन्ही एकदम. फिगर कूलरच्या रेषेतून बाजूला हवी, काचेच्या दाराच्या कपाटात हवी, आणि कपाटात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या हव्यात. दार महिन्यातून एकदा तासभर उघडं ठेवा, कारण प्लास्टिकमधून निघणारी वाफही कोंडून राहायला नको. घरात जुनी माळवदाची खोली शिल्लक असेल तर प्रश्नच मिटला. मातीच्या छताखालची ती खोली दुपारी पत्र्याच्या खोलीपेक्षा पुष्कळ गार राहते.

तिसरी बिनजोडाची त्वचा. वंडर वुमनचे दंड आणि खांदे उघडे असतात, म्हणून महागड्या फिगरमध्ये सांधा दिसू नये यासाठी आतल्या सांगाड्यावर सिलिकॉनचं किंवा तसल्या मऊ रबराचं अखंड आवरण चढवतात. दिसायला फारच सुंदर. पण कोपर वाकवून महिनाभर तसंच ठेवलं तर आतल्या बाजूला घडी पडते, बाहेरच्या बाजूला त्वचा ताणलेली राहते आणि पुढे तिथेच फाटते. त्यामुळे फोटो झाले की हात सरळ करून ठेवायचे. तुमच्या फिगरचा दंड असा आहे की साध्या जोडाचा, हे रिव्ह्यूच्या पहिल्या चार ओळींत यायला हवं. घेणाऱ्याच्या दृष्टीने मुकुटाच्या नक्षीपेक्षा ते महत्त्वाचं आहे.

हे सगळं आठवड्यात कळत नाही, म्हणून रिव्ह्यू एकदाच लिहून मोकळं व्हायचं नाही. आल्या आठवड्यात एक, तीन महिन्यांनी एक, आणि एक अख्खा उन्हाळा काढल्यावर तिसरा. कपाटात कमाल-किमान तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर ठेवा. काही शेकड्यांत मिळतं. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात येतो, पण तो बाहेरच्या हवेचा. तुम्हाला कपाटाच्या आतला हवाय. ‘मे महिन्यात कपाटात कमाल इतके अंश, चिकटपणा आला किंवा नाही, पोपडे सुटले किंवा नाही’ एवढी ओळ जरी तुम्ही दिलीत, तरी ती दुसरं कोणी देऊ शकणार नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी मोजमाप, मत नंतर. सिनेमात वंडर वुमन झालेल्या गॅल गॅडोटची उंची १७८ सेंमी धरली तर सहाने भागून २९.७ सेंमी येते. बुटांची टाच आणि केसांचा फुगारा धरून ३० च्या थोडं वर-खाली. स्टीलची पट्टी शेजारी उभी करून फोटो घ्या. वजन किचनच्या डिजिटल काट्यावर, स्टँडसकट आणि स्टँडशिवाय. बॉक्समधल्या वस्तूंची मोजणी: जादा हातांच्या जोड्या किती, हात मनगटाला जोडणाऱ्या सुट्या खुंट्या किती, ढाल, तलवार, दोरी, स्टँडचे भाग. सांध्यांसाठी कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. एकेरी सांध्याचं कोपर ९० अंशांच्या आसपास थांबतं, दुहेरी सांध्याचं बरंच पुढे जातं. पण वाकलं किती याइतकंच टिकलं किती हेही बघा: एका पोझमध्ये चोवीस तास ठेवा आणि कोन पुन्हा मोजा. ढाल धरलेला हात रात्रीत दहा अंश खाली आला असेल तर तो दोष आहे, आणि ‘ग्रिप जरा सैल वाटली’ असं म्हणण्यापेक्षा दहा अंश म्हणणं शंभरपट उपयोगी.

प्रत्येक पात्राची एक अशी पोझ असते की ती जमली नाही तर बाकी सगळं व्यर्थ. वंडर वुमनची ती पोझ म्हणजे छातीसमोर दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी, कड्याला कडं टेकलेलं. हे करून बघताना घाई करू नका. आधी दोन्ही खांदे पुढे ओढा, मग दंड आत, मग कोपर, शेवटी मनगट. अडेल कुठे? बहुतेक वेळा चिलखताच्या वरच्या कडेला. कडक चिलखत असेल तर दंड त्यावर घासतो, आणि कडं कड्याला टेकायच्या आत बोटभर अंतर राहून जातं. मऊ चिलखत असेल तर मनगटं जुळतात, पण काखेत चिलखत फुगून उभं राहतं. तुमच्या फिगरमध्ये यातलं काय होतं त्याचे समोरून आणि बाजूने असे दोन फोटो दिलेत, की घेणाऱ्याला सगळा अंदाज येतो. शिवाय घासताना सोनेरी रंग निघतोय का ते पांढऱ्या टिश्यूने टिपून बघा.

तोलाची चाचणीही सोपी. फिगर स्टँडशिवाय काचेवर उभी करा आणि दोन्ही बुटांखाली चारही बाजूंनी कागदाचा कपटा सरकवा. कागद जिथे आत शिरतो तिथे तळवा टेकलेला नाही. उंच टाचेच्या बुटात घोटा फारसा वाकत नाही, म्हणून पाय जरा फाकवले की बाहेरची कड उचलली जाते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. तुमचा डावा गुडघा ढिला असल्याचं तुम्हाला इथेच कळलं असणार. यानंतर पंखा पाचवर. हसू नका, आपल्याकडे मार्च ते जून पंखा बंद होत नाही, तेव्हा पंख्याखाली स्टँडशिवाय उभी राहते की नाही ही रास्त माहिती आहे.

हात बदलताना मात्र जपून, कारण या फिगरमध्ये सगळ्यात जास्त मोडतं काय, तर मनगटाची खुंटी. हात मऊ, खुंटी कडक आणि बारीक. माणूस हात पिळून काढायला जातो आणि खुंटी आतच तुटते. हेअर ड्रायर कमी आचेवर, वीतभर अंतरावरून, वीस-तीस सेकंद फक्त हाताच्या बाजूला. मग खुंटीच्या रेषेत सरळ ओढा, पिळू नका. घट्टच असेल तर ट्रेडमिलला घालतात त्या शुद्ध सिलिकॉन तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब खुंटीला. खोबरेल तेल नाही, ते खवट होतं आणि धूळ धरतं. शिलाई मशिनचं तेलही नाही, खनिज तेलाने काही कडक प्लास्टिकांना ताणाच्या जागी तडे जातात. आणि सिलिकॉनच्या त्वचेला सिलिकॉन तेल अजिबात लागू देऊ नका, ती फुगते.

रंगकामाबद्दल तुम्ही ओठाची गोष्ट लिहिलीत. ती लिहाच, पण मापासकट. १/६ मापात डोकं जेमतेम पावणेचार-चार सेंमीचं असतं. तुम्ही क्लोज-अप घेता, वाचक तो मोबाइलवर पंधरा सेंमीचा करून बघतो, म्हणजे दोष चौपट मोठा दिसतो. म्हणून दोन फोटो द्या: एक हातभर अंतरावरून, जसं डोळ्यांना दिसतं तसं, आणि एक भिंगातून. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे असतं तसं दहापट भिंग पुरे. हातभर अंतरावरून न दिसणारा दोष आणि दिसणारा दोष यांत फरक करणं हा रिव्ह्यू लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा. भिंगातून बघताना ओठांपेक्षा डोळे आधी बघा. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला बघतायत का? मग चेहरा, मान आणि हात यांचा रंग एकाच सावलीचा आहे का, कारण हे तिन्ही वेगवेगळ्या साच्यांतून, कधी वेगवेगळ्या पदार्थांतून येतात. केस घडीव असतील तर मान मागे किती जाते ते मोजा. खांद्यावर रुळणारे घडीव केस मान अडवतात आणि खांद्याचा रंग घासतात. केस रोवलेले असतील तर टोकाकडून मुळाकडे, रुंद दात्यांच्या फणीने, ड्रायरशिवाय विंचरा. आणखी एक तपासणी: गडद निळ्या-लाल भागाच्या आतल्या कडेवर किंचित ओला कापसाचा बोळा फिरवा. बोळ्यावर रंग आला तर उन्हाळ्यात तोच रंग मांड्यांवर उतरणार, हे धरून चाला.

फोटोंसाठी स्टुडिओ नको. सकाळी उत्तरेची खिडकी, मागे राखाडी कार्डशीट भिंतीवरून टेबलावर वळवून घातलेलं, दुसऱ्या बाजूला थर्मोकोलची शीट उजेड परतवायला. एवढंच. मोबाइल फिगरला चिकटवू नका. जवळून रुंद लेन्सने घेतलं की डोकं मोठं आणि पाय बारीक दिसतात, आणि मग वाचक विचारतो की प्रमाण चुकलंय का. दीड मीटर मागे या, दोनपट झूम, कॅमेरा फिगरच्या छातीच्या उंचीवर, तीन सेकंदांचा टायमर. खिडकीचा उजेड असताना पिवळा बल्ब लावू नका. रात्री व्हिडिओ घ्यायचाच असेल आणि चित्रात पट्टे सरकताना दिसत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्याला ते जुळतं. लोडशेडिंग कधी ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता तो ‘फिगर’ शब्द. पोरांनी जे केलं ते वाईटच, पण थोडा विचार आपणही करू. मराठीत नुसतं ‘फिगर’ म्हटलं की दुसराच अर्थ आधी उभा राहतो. म्हणून पूर्ण ‘ॲक्शन फिगर’ म्हणा, नाहीतर ‘मूर्ती’, ‘पुतळी’. शब्द बदलल्याने टवाळ सुधारणार नाहीत, फक्त त्यांचं आयतं निमित्त जाईल. बाकीच्या कॉमेंट उडवा. खरा प्रश्न तुमच्या संकोचाचा आहे. तुम्हाला वाटतंय की बाईच्या देहाबद्दल लिहायचंच नाही, म्हणजे आपण सभ्य. पण मग मांडी जाड असल्यामुळे गुडघा पूर्ण मिटत नाही, बसवल्यावर घागऱ्याच्या पाकळ्या उभ्या राहतात, हात वर केला की काखेपाशी चिलखत आणि अंग यांच्यात फट पडते, ही सगळी कामाची माहिती गळून जाईल. एक साधी कसोटी लावा: हेच वाक्य बॅटमॅनबद्दल लिहिलं असतं का? ‘खांदे ढाल पेलणाऱ्या योद्ध्याचे वाटतात, कंबर मात्र एवढी बारीक की धड वळवताना जोड दिसतो’ हे दोघांबद्दल लिहिता येतं, म्हणून लिहा. जे बॅटमॅनबद्दल लिहिताना हसू येईल ते खोडा.

तिच्या वेशावरचा वाद जुना आणि मोठ्या ठिकाणचा आहे, हेही लक्षात असू द्या. २०१६ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला महिला आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद राजदूत केलं, तर तिथल्याच कर्मचाऱ्यांनी तिच्या कपड्यांवरून आक्षेप घेतला आणि डिसेंबरात ती मोहीम आटोपली. तेव्हा वेशाबद्दल लिहिताना ‘कमी की जास्त’ यात न शिरता ‘कोणत्या काळातला’ हे बघा. १९४१ मध्ये विल्यम मोल्टन मार्स्टन आणि चित्रकार एच. जी. पीटर यांनी आणलेल्या कॉमिकमधला वेश वेगळा, १९७५ च्या टीव्ही मालिकेतला वेगळा, २०१७ चा चामडी चिलखताचा वेगळा. तुमची २०१७ ची, तर तिची तुलना त्या सिनेमाच्या चित्रांशीच. निळा इतका मळकट का, असं विचारणाऱ्याला मग उत्तर आपोआप मिळतं. (मार्स्टन मानसशास्त्रज्ञ. माणूस खोटं बोलतोय का हे रक्तदाबावरून ओळखता येतं का, यावर त्यांनी काम केलं होतं. त्यांच्या नायिकेच्या हातातल्या दोरीने बांधलं की समोरच्याला खरं बोलावं लागतं, हा योगायोग नसावा.)

‘फसला म्हणतील’ या भीतीला मात्र मी फार भाव देणार नाही. गुडघा ढिला निघणं ही कंपनीची चूक, तुमच्या अकलेची नव्हे. महाग वस्तूचा दोष लपवायची ओढ सगळ्यांनाच असते. त्यामुळेच तर सगळे रिव्ह्यू गोडगोड असतात आणि पुढचा माणूस आंधळेपणाने पैसे भरतो. दहापैकी गुण देऊ नका. साडेआठ म्हणजे काय ते कोणालाच कळत नाही. त्याऐवजी लिहा की ही कोणी घ्यावी: काचेत उभी करून बघणाऱ्याने घ्यावी, की रोज पोझ बदलणाऱ्याने? पैसे स्वतःचे घातले, हे पहिल्याच ओळीत सांगा. उद्या एखाद्या विक्रेत्याने फुकट दिली तर तेही सांगावं लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या जानेवारीत यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. किंमत लिहाल तेव्हा मूळ किंमत, ड्यूटी, कुरियर वेगवेगळे आणि तारखेसकट लिहा. खेळण्यांवरची मूळ आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. दर असे हलतात, म्हणून तारीख नसलेली किंमत म्हणजे बाजारभावाच्या पाटीवर वार न लिहिण्यासारखं.

मित्राचं सीलचं म्हणणं अर्धं खरं. न फोडलेल्या बॉक्सला जास्त भाव येतो. पण तीच फिगर कंपनीने पुन्हा काढली की भाव उतरतो, आणि पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात सीलबंद ठेवलेला बॉक्स म्हणजे बंद भट्टी. आतलं रेक्झिन आणि पीव्हीसी सील बघून थांबत नाहीत. पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा घेणारा सील फोडेल आणि पोपडे तुमच्या नावावर जातील. तुम्ही विकायला घेतली नव्हती, बघायला घेतली होती. पत्रावरून तरी तसंच दिसतं. बॉक्स, ट्रे आणि पातळ प्लास्टिकचे तुकडे सांभाळून ठेवा, तेवढं पुरे.

वडिलांशी शब्दावरून भांडू नका, कारण शब्दापुरते ते बरोबर आहेत. १९६४ मध्ये अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला तेव्हा पोरं ‘बाहुली’ म्हणून नाक मुरडतील या धास्तीने ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द काढला गेला. बार्बी त्याच्या पाच वर्षं आधीची, साडेअकरा इंचांची. तिच्यात आणि यात फरक नावाचा आणि गिऱ्हाइकाचा. तेव्हा बाहुलीच आहे म्हणा. बावीस गोण्यांचा हिशोब मात्र खरा आहे, आणि तो त्यांना तोंडी उत्तर देऊन मिटणारा नाही. या वर्षी दुसरी घेऊ नका. एकीचे तीन रिव्ह्यू नीट लिहायलाच वर्ष जाणार आहे.

शब्द सापडत नाहीत असं वाटलं तर घरातलेच घ्या. सांधा, खुंटी, पोपडा, ओघळ, झोळ, चुणी, लचक, कड. ‘आर्टिक्युलेशन’ची गरज नाही; ‘सांधे किती आणि किती वळतात’ यात सगळं आलं. ‘पेंट ब्लीड’ म्हणजे रंग कडेबाहेर गेला, तुम्ही पत्रात लिहिलंय तसंच.

शेवटी तो गुडघा. तुम्ही बहुधा तो घट्ट करायच्या विचारात असाल. सुट्या खुंटीचा सांधा असता तर प्लंबरच्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा पुरला असता, पण गुडघा बहुतेक वेळा आतून पक्का बसवलेला असतो; तो उघडलात तर तक्रारीचा हक्क जाऊ शकतो. नेलपॉलिश, फेव्हिक्विक आत सोडू नका. पहिल्याने प्लास्टिक खाल्लं जातं, दुसऱ्याने सांधा कायमचा धरतो. आज दोन छोटे व्हिडिओ करा: एकात उजवा गुडघा वाकवून सोडलाय आणि तो जागेवर राहतोय, दुसऱ्यात डावा तसाच सोडलाय आणि तो खाली येतोय. बॉक्स उघडतानाचा अखंड व्हिडिओ असेल तर तोही, नसेल तर बिलाचा आणि बॉक्सवरच्या स्टिकरचा फोटो जोडून विक्रेत्याला ईमेल टाका, फोन नको. दोषाची तक्रार घेण्याची मुदत विक्रेत्यागणिक वेगळी असते आणि तुमचे आठ दिवस गेले आहेत, म्हणून रिव्ह्यू नंतर, ईमेल आधी. विक्रेता काय उत्तर देतो आणि किती दिवसांनी देतो, ते पहिल्या रिव्ह्यूत घाला.